मी फार छान पडायचे

माझ्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात एक काळा पट्टा आहे. तो मला बाराव्या वर्षी मिळाला. सोबतचं प्रमाणपत्र अजूनही चकाकतं. त्यावर पृथ्वीचा गोल आहे, दोन ड्रॅगन आहेत आणि ‘जागतिक’ हा शब्द तीनदा आहे. ‘मला कराटे शिकायचंय’ असं माझी अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, तेव्हा कुठलीही आई तो पट्टा कौतुकानं खाली काढेल. मी कप्प्याचं दार नीट लागलंय ना, ते बघितलं.

पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत मला बावीस महिने लागले होते. दर दोन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला नवा रंग आणि मधल्या काळात उत्साह टिकावा म्हणून पट्ट्यावर चिकटवायच्या पट्ट्या. त्या बावीस महिन्यांत एकही मूल नापास झालेलं मला आठवत नाही. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सर मलाच पुढे बोलवायचे, कारण मी फार छान पडायचे. त्यांनी मानेजवळ दोन बोटं आणली की मी कोसळायचे. मनगट हलकंसं वळवलं की हवेत गिरकी घेऊन पाठीवर आपटायचे. पालक टाळ्या वाजवायचे.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी: मी नाटक करत नव्हते. पहिल्यांदा सरांनी खरंच ढकललं होतं. दुसऱ्यांदा थोडं कमी. मग कधीतरी माझ्या शरीराला कळलं की बोटं इथे आली की पडायचं असतं, आणि पडलं की ‘शाब्बास’ मिळते. त्यानंतर ढकलायची गरजच उरली नाही. सरही खोटं बोलत होते असं मला आज वाटत नाही. त्यांच्यासमोर वीस-वीस मुलं रोज कोसळत होती. कोणालाही वाटेल की आपल्या बोटांत काहीतरी आहे.

जपानमध्ये यानागी र्‍युकेन नावाचे एक गुरू होते. ते हात न लावता, नुसत्या आवाजानं आणि हातवाऱ्यांनी शिष्यांना लोळवायचे. २००६ साली त्यांनी एका मिश्र-मार्शल-आर्ट लढवय्याशी खरा सामना लावून घेतला आणि थोड्याच वेळात रक्ताळलेल्या नाकानिशी जमिनीवर आले. लोक ती चित्रफीत हसत हसत बघतात. मला त्यांचे शिष्य आठवतात, मॅटवर लाटेसारखे पडणारे. स्वतःवर विश्वास नसता, तर ते गुरू त्या सामन्याला उतरलेच नसते. तो विश्वास त्यांना शिष्यांनी दिला होता, पडून पडून.

माझा भ्रम कॉलेजात फुटला. वसतिगृहातली एक मैत्रीण ज्युडो खेळायची. मी माझ्या काळ्या पट्ट्याबद्दल बोलून गेले. ती म्हणाली, “चल, गंमत करू.” तिनं फक्त माझी बाही आणि कॉलर धरली. मला शिकवलेल्या चौदा सुटका एकापाठोपाठ आठवल्या, पण त्यातल्या प्रत्येकीत समोरच्यानं धरून स्थिर उभं राहायचं होतं. ही स्थिर उभीच राहिना. पुढच्या क्षणी मी गादीवर होते आणि ती माझ्या डोक्याखाली हात धरून विचारत होती, “लागलं नाही ना?” तिच्याकडे तेव्हा तपकिरी पट्टा होता. पाच वर्षं झाली होती तिला.

त्यानंतर वाचत गेले तेव्हा पट्ट्यांचा इतिहासही हाती लागला. काळ्या पट्ट्याची पद्धत जिगोरो कानो यांच्या ज्युडोतून आली. कोडोकान ही त्यांची शाळा १८८२ची, आणि पहिल्या ‘शोदान’ पदव्या १८८३च्या. गिचिन फुनाकोशी यांनी ती पद्धत कराटेत १९२४ साली आणली. मधल्या रंगांची रेलचेल नंतरची. तिचं श्रेय बहुतेकदा १९३०च्या दशकात पॅरिसमध्ये ज्युडो शिकवणाऱ्या मिकोनोसुके कावाइशी यांना देतात. म्हणजे शेकडो वर्षांच्या परंपरेतलं म्हणून मी जे कमरेला बांधत होते, ते फार तर माझ्या पणजोबांच्या वयाचं होतं. आणि ‘शोदान’चा अर्थ पहिली पायरी. काळा पट्टा म्हणजे मुळाक्षरं संपली, आता वाचायला शिका.

तर आता मुलीसाठी वर्ग शोधायचा होता, आणि मनात आलं की आपणही पुन्हा सुरुवात करावी. पण आधी एक हिशोब बाकी होता. एका रविवारी मी जुना पांढरा टी-शर्ट घातला, मुलीच्या हातात लाल मार्कर दिला आणि म्हटलं, “हा चाकू समज. मला मार.” चाकूवाल्यापासून बचाव हा आमच्या काळ्या पट्ट्याच्या परीक्षेचा कळस होता. हल्लेखोर एक पाऊल पुढे टाकतो, हात लांब करतो आणि तसाच पुतळ्यासारखा उभा राहतो. मग आपण मनगट धरून, कोपर मोडून, गुडघा मारून वगैरे पाच गोष्टी करतो. मुलीला ही शिस्त कोणी शिकवली नव्हती. तिनं हात लांब केला तसा लगेच मागेही घेतला आणि परत मारला. मी मनगट पकडेपर्यंत मार्कर दुसऱ्या हातात गेला होता. अर्ध्या मिनिटानं आरशात पाहिलं तर पोटावर, दंडावर आणि गळ्याखाली मिळून सतरा रेघा. “आई, तू तर पहिल्यांदाच मेलीस,” ती म्हणाली. तिला फार मजा आली. मला परीक्षेत त्याच प्रकाराला पैकीच्या पैकी गुण होते.

तेव्हाच ठरवलं: वर्ग बघायला गेलं की शिकवणाऱ्याकडे नंतर बघायचं, आधी पडणाऱ्यांकडे. हल्ला करणाऱ्याचा हात परत येतो का? धरलेला माणूस सुटायला धडपडतो का? आणि शिकवलेलं कधीतरी फसतं का? जिथे तासाभरात काहीच फसत नाही, तिथे सगळे मिळून एक गोष्ट सांगत आहेत असं समजायचं. बाकी कागदपत्रं, पैसे, वेळा हे सगळं त्यानंतर.

पहिला वर्ग तायक्वांदोचा. तिथे पडणारे बघायची वेळच आली नाही. दारातल्या टेबलावरच्या बाईंनी वर्ग दाखवायच्या आधी करार पुढे केला: तीन वर्षांचा, मधे सोडल्यास पैसे परत नाहीत, शेवटी काळ्या पट्ट्याची हमी. आज सही केली तर गणवेश मोफत. पालकांनी बाहेर बसायचं, काचेला पडदा, कारण ‘मुलांचं लक्ष विचलित होतं’. मी विचारलं, “परीक्षेत शेवटचं नापास कोण झालं होतं?” बाई अभिमानानं म्हणाल्या, “आमच्याकडे कोणीच होत नाही.”

इथे एक खुलासा करते, कारण या बाबतीत मी स्वतःही गडबड केली होती. लहान मुलाच्या कमरेला काळा पट्टा दिसला की लगेच ‘फसवणूक’ म्हणून मोकळं होऊ नये. तायक्वांदोत कुक्कीवॉन ही कोरियातली संस्था पंधरा वर्षांखालच्या मुलांना ‘दान’ऐवजी (म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पायरीऐवजी) ‘पूम’ ही वेगळी पदवी देते, आणि ती रीतसर असते. पण कुक्कीवॉनच्या प्रमाणपत्राला क्रमांक असतो आणि तो त्यांच्या नोंदीशी ताडून पाहता येतो. मी मुख्य प्रशिक्षकांचा क्रमांक विचारला. ‘सर आल्यावर देतील’ असं उत्तर मिळालं. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा सर यायचेच होते.

पदव्यांच्या बाबतीत ब्राझिलियन जिउ-जित्सूवाले, म्हणजे जमिनीवर पकडी लावून लढणारे, बरेच कडक आहेत. त्यांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत निळा पट्टा सोळाव्या वर्षाआधी नाही आणि काळा एकोणिसाव्या वर्षाआधी नाही. प्रत्यक्षात काळ्यापर्यंत पोचायला लोकांना साधारण दहा वर्षं लागतात. माझ्या बावीस महिन्यांशेजारी हा आकडा ठेवून बघा. मी ठेवला, आणि बराच वेळ गप्प बसले.

दुसरा वर्ग स्वसंरक्षणाचा. काळे कपडे, सैनिकी बूट, भिंतीवर प्रशिक्षकांचे फोटो. या वर्गाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे मला स्वतःचीच भीती वाटली.

प्रशिक्षक बोलायला गोड होते. म्हणाले, “आम्ही खेळ शिकवत नाही, मॅडम. आमचं तंत्र रस्त्यावरचं आहे. इतकं घातक की आम्ही आपसात लढतच नाही, कोणीतरी मरेल.” वाक्य भारदस्त आहे आणि ऐकताना खरं वाटतं. पण जरा उलगडून बघा. जी गोष्ट कोणी कधीच पूर्ण जोरानं, विरोध करणाऱ्या माणसावर करून पाहिली नाही, ती चालते हे कोणाला कसं कळलं? गंमत म्हणजे हाच पेच कानोंपुढेही होता. ज्युडोच्या आधीच्या जुजुत्सू या जपानी युद्धकलेतले काही प्रकार खरोखर हाडं मोडणारे होते, त्यामुळे त्यांचा सराव हळू आणि ठरवूनच करावा लागे. कानोंनी ते घातक प्रकार काढले किंवा ‘काता’पुरते, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या सरावापुरते, ठेवले, आणि उरलेल्या फेकी, पकडी समोरचा जीव तोडून विरोध करत असताना रोज करायला लावल्या. त्याला ‘रँदोरी’ म्हणतात, मोकळा सराव. कमी घातक गोष्ट हजार वेळा खऱ्या अर्थानं केलेला माणूस अतिघातक गोष्ट नुसती हवेत केलेल्या माणसाला भारी पडतो. वसतिगृहातल्या गादीवर मला हे एकदाच, पण नीट समजलं होतं.

वर्ग सुरू झाला. पडणाऱ्यांकडे बघितलं. सगळे पडत होते, सुंदर पडत होते. चाकूवाला हात लांब करून पुतळा होत होता. एका मुलाचा हात चुकून लवकर मागे आला तर जोडीदारानं त्याला हळूच सांगितलं, “अरे, थांब ना जरा.” हे ऐकून मला हसू आलं आणि पोटात खड्डाही पडला. मी पण असंच सांगायचे नव्या मुलांना. बाराव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत मी आमच्या वर्गात ‘ज्येष्ठ’ होते, लहान मुलांच्या रांगा माझ्याकडे असायच्या. त्यांना पडायला मी शिकवलं. म्हणजे फसलेल्यांच्या यादीत माझं नाव आहे, तसं फसवणाऱ्यांच्याही आहे.

शेवटी प्रशिक्षकांनी विचारलं, “तुम्ही येता का पुढे? अनुभव घ्या.” मी गेले. त्यांनी दोन बोटं माझ्या मानेजवळ आणली आणि माझे गुडघे वाकले. इतक्या वर्षांनी! मी ठरवून आले होते की उभी राहीन, आणि माझे गुडघे आज्ञाधारकपणे वाकले, कारण वीस माणसं बघत होती आणि एक आत्मविश्वास असलेला माणूस मी पडायची वाट बघत होता. कसाबसा तोल सावरला. मग त्यांनी मनगट धरलं. मी विचारलं, “आणि मी हात मागे ओढला तर?” उत्तरादाखल त्यांनी मनगट कचकन पिरगाळलं. कळ कोपरापर्यंत गेली. “तर असं,” ते म्हणाले, आणि वर्ग हसला. मनगट चार दिवस दुखत होतं. प्रश्नाचं उत्तर दुखवून देणाऱ्याला उत्तर माहीत नसतं, एवढं त्या चार दिवसांत माझं पक्कं झालं. पण खरं सांगायचं तर घरी येताना मी त्यांच्यापेक्षा माझ्या गुडघ्यांवर जास्त चिडले होते.

तिसरं ठिकाण किकबॉक्सिंगचं. तिथे काहीही खोटं नव्हतं. पिशव्या फाटेपर्यंत मारलेल्या, प्रशिक्षक स्वतः स्पर्धा खेळलेले, मुलं घामानं निथळत खरीखुरी लढत होती. पण महिनाभरापूर्वी आलेल्या एका पोराला दोन वर्षांचा जुना मुलगा तोंडावर पूर्ण जोरानं मारत होता. नाकातून रक्त आलं, आणि प्रशिक्षक म्हणाले, “आता झाला तयार.” डोक्यावरचे मार साठत जातात, सरावात रोज तेवढ्या जोरानं मारून घ्यायची कोणालाच गरज नसते, व्यावसायिक खेळाडूंनाही नाही. खरा असलेला वर्ग चांगला असेलच असं नाही. पंधरा मिनिटांत निघालो. मुलगी वाटेत काही बोलली नाही.

मधे एक जुन्या वळणाचा कराटेचा वर्गही पाहिला. वयस्कर सर, बहुतेक वेळ काता. मी जवळजवळ नकार धरूनच बसले होते, पण सरांनी स्वतःच सांगितलं, “इथे लढाई फारशी नाही. मान ठेवून थोडं कुमिते, म्हणजे जोडीनं लढायचा सराव, करतो, बाकी शरीर, श्वास, शिस्त. कोणी स्वसंरक्षणासाठी येत असेल तर मी त्याला दुसरीकडे पाठवतो.” माझ्या हिशोबानं हा वर्ग शंभर टक्के अस्सल. जे विकत होते तेच देत होते. आमच्या वेळा जुळल्या असत्या तर कदाचित तिथेच गेलो असतो.

मग ज्युडो. फलक रंग उडालेला, मॅटच्या कडा चिकटपट्टीनं जोडलेल्या, एक पंखा बंद. पण मॅट नुकतेच पुसलेले होते आणि एक बाई दारात मुलांची नखं तपासत होत्या. ज्याच्या पायावर गजकर्ण होतं त्याला बरं होईपर्यंत कडेला बसून बघायला सांगितलं. अंगाला अंग लागणाऱ्या खेळात त्वचेचे रोग फार वेगानं पसरतात. ज्यांच्याकडे खरोखर माणसं एकमेकांना धरतात, त्यांनाच नखांची काळजी पडते. दार उघडं होतं, पालक मॅटच्या कडेलाच बसले होते.

आणि पडणारे! इथे लोक पडायला तयारच नव्हते. पाय रोवत होते, वळत होते, पकड झटकत होते. दहा प्रयत्नांतले आठ फसत होते. कोणी पकडीत सापडलं की हातानं दोनदा थोपटायचं आणि समोरचा त्या क्षणी सोडायचा. पूर्ण तासात एकदाही कोणी उशिरा सोडलं नाही, मी मुद्दाम मोजत होते. मोकळ्या सरावात प्रशिक्षक स्वतः उतरले. सतरा-अठरा वर्षांच्या एका मुलीनं त्यांना खांद्यावरून असं फेकलं की धप्प आवाज झाला. वर्ग थबकला नाही, कोणी घाबरलं नाही. सर पडल्या पडल्या म्हणाले, “आता बरोबर. कमर खाली गेली बघ.”

तास संपल्यावर माझे प्रश्न काढले. पट्ट्याची परीक्षा? वर्षाला एक, कधी दोन. मागच्या वेळी तिघं नापास झाले, त्यातला एक तो बघा. दुखापती? गेल्या वर्षी एक हासळीचं हाड आणि बोटं तर नेहमीचीच. मुलांना गळा आवळणं, सांधे पिरगाळणं शिकवता? लहानांना अजिबात नाही. सांध्यांपैकी मोठ्यांनाही फक्त कोपराचा, स्पर्धेचा नियमच तसा आहे. तुमची स्वतःची पदवी? “दुसरी दान. बारा वर्षं झाली, तिथेच आहे.” कोणाकडे शिकलात? त्यांनी नाव आणि फोन दिला. मी फोन केला. पलीकडच्या आजोबांनी आधी विद्यार्थ्याची ओळख पटवली आणि मग दहा मिनिटं त्याच्या डाव्या बाजूच्या फेकीला नावं ठेवली. इतकं विश्वासार्ह शिफारसपत्र मी आजवर वाचलेलं नाही.

पैसे महिन्याचे महिन्याला, पहिले तीन तास फुकट. करार नाही. वर्ग सोडून गेलेल्या दोन पालकांशीही बोलले. एकाच्या मुलाला ज्युडो कंटाळवाणं वाटलं होतं, दुसऱ्यांना अंतर लांब पडत होतं. सोडून गेलेले लोक कशाबद्दल कुरकुरतात यावरून वर्ग बराच कळतो.

मुलीची एकच तक्रार होती: “पण इथे लाथ मारायला शिकवत नाहीत.” तिला म्हटलं, तीन तास ये, मग ठरव. दुसऱ्याच तासाला तिनं तिच्यापेक्षा डोकंभर उंच मुलाला पाडलं आणि लाथेचा विषय संपला.

नाव नोंदवताना सरांनी मला विचारलं, “आधी काही केलंय?” मी म्हणाले, “थोडं.” पांढरा पट्टा बांधला. पहिले सहा आठवडे नुसतं पडणं, उकेमी: हनुवटी छातीशी, हातानं मॅटवर थाप, श्वास बाहेर. हे मला पटकन जमलं आणि सर म्हणाले, “पडणं छान आहे हो तुमचं.” मला तेवढं एक वाक्य नको होतं.

सातव्या आठवड्यात पहिला मोकळा सराव. जोडीदार म्हणून चौदा वर्षांची, सडपातळ, नारिंगी पट्ट्याची एक मुलगी मिळाली. आम्ही वाकून नमस्कार केला. तिनं माझी बाही धरली, कॉलर धरली, एक पाऊल आत टाकलं. मी हवेत गिरकी घेतली, हात मॅटवर आपटला, हनुवटी छातीशी, सगळं अगदी जागच्या जागी.

ती अजून उभीच होती, माझी बाही हातात धरून, गोंधळलेली.

“काकू,” ती हळूच म्हणाली, “मी अजून काही केलंच नाही.”